मी जातो

गंगावेशीत म्हशीची धार ग्लासात पडते
आणि फेसावर वाफ धरते,
तशी वाफ होती ती, फक्त तळ्याएवढी.
कुणी विचारलं तर एवढंच सांगता येतं मला.
बाकीचं रंगरावांना विचारा.
पूल किती, ट्रामचं तिकीट किती,
एका कप चहाचे रुपये किती
(हा आकडा सांगताना त्यांचा आवाज खाली येतो,
दूधवाला शेजारीच असतो).

डिसेंबर सरताना तेजूनं बोलावलं, चार दिवस,
बुडापेस्टला.
जावेला वाटलं, मी गोळीचं नाव सांगतेय.
इकडं गुऱ्हाळं पेटलेली,
काकवीच्या वासानं रस्ते चिकट,
आणि आम्ही तिबेटी बाईकडनं
घासाघीस करून दोन स्वेटर आणले,
वर रंगरावांची माकडटोपी,
आणि कांदा-लसूण चटणीची बरणी,
तीन पिशव्यांत गुंडाळलेली, तरी विमानभर दरवळली.

तिथं दुपारी चारला दिवेलागण.
पहिल्या दिवशी ट्रामचा दिवा लागला
आणि मी सवयीनं हात जोडले.
समोरच्या बाईनं मान लववली.
तिला वाटलं, तिलाच.

सगळे वर बघत होते, घुमट, मनोरे, कोरीव देवदूत.
रंगराव खाली.
उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न बनवलेला माणूस,
बुटानं बर्फ सारून
गटाराच्या झाकणांवरची अक्षरं वाचत चालला.
ओतकाम चांगलंय, म्हणाले,
कडेचं फिनिशिंग मात्र आमच्याकडचं.
एका झाकणावर बर्फच नव्हता.
खालून ऊब येत होती.
त्यावर आम्ही दोघं थांबलो, जरा जास्तच वेळ.

तिसऱ्या दिवशी ते पिवळं स्नानगृह.
आतल्या दारापासून पाण्यापर्यंत पंधरा पावलं,
अनवाणी, उघड्या आभाळाखाली,
अंगात लेकीनं आणलेला काळा, गुडघ्यापर्यंतचा पोहायचा पोशाख.
दगड थंडीनं पोळत होता.
"आई, जमेल?"
"मी जातो," म्हटलं.

जातो.
शाळेत पाटणकर बाईंनी छडीनं सोडवलं होतं ते.
मुलीनं जाते म्हणावं, येते म्हणावं.
घाटावरच्या आम्ही पोरी सगळ्या जातो, येतो, मारतो उडी.
पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलो,
मग भोपळा सुटला,
मग नहाण आलं
आणि पंचगंगेची ती पायरी बंद झाली.
शेहेचाळीस वर्षं.

पाणी कढत.
केसांवर बर्फ भुरभुरतोय
आणि गळ्याखाली बंबातलं दिवाळीचं पाणी.
हात विसरले नव्हते.
पायांनी तर विचारलंही नाही.
छातीभर पाण्यात म्हातारे बुद्धिबळ मांडून बसलेले,
एकानं उंट उचलता उचलता मला वाट दिली,
जशी नेहमीच्या माणसाला देतात.
मी पलीकडच्या काठाला हात लावला
आणि वळलो.

रंगराव कोटात, कडेला,
दोन टॉवेल छातीशी धरून,
माकडटोपीतनं नुसते डोळे.
"तू पोहतेस?" म्हणाले.
चौतीस वर्षं एका घरात.
मी हसून पाण्यात तोंड बुडवलं,
बुडबुड्यांत काय उत्तर दिलं, मलाही ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी काय बघितलं, आठवत नाही.
पोळीसारखं गुंडाळलेलं काहीतरी गोड खाल्लं, बहुतेक.

आता जानेवारी.
काल पहाटे घाटावर नुसता बघून आलो.
नदीवरही वाफ असते,
हे मी लहानपणी धूर समजायचो.
पोरं उड्या मारत होती, एक म्हणाला,
आजी, थंड हाय हां.

दूध संपलं. ओठ पदरानं पुसले.
इथनं घाट दहा मिनिटांवर.
रंगरावांच्या हातात कापडी पिशवी बघून
दूधवाल्यानं विचारलं, काय आणलंय, गूळ?
टॉवेल, म्हणाले ते.
दोन.